सोळा वऱ्हाडी, दोन-दोन डोस

मार्चचा दुसरा शनिवार, सकाळचे अकरा. न्यूझीलंडमधलं पोरिरुआ, आमची पुढची खोली.

हजर, आमच्याकडून: मी, नवरा, मुलगा, सासूबाई आणि आदल्या संध्याकाळी ऑकलंडच्या मनुरेवाहून विमानाने आलेल्या नणंदबाई. मुलीकडून: मुलगी, तिची आई, तिचे वडील. शिवाय टीव्हीच्या पडद्यावर मुलीची मावशी, थेट तिच्या बेटावरून. एकूण नऊ. नेटवर्क बरं.

कार्यक्रम: याद्या.

कारखान्यात उत्पादनाचं वेळापत्रक लावणं ही माझी नोकरी, त्यामुळे कुठल्याही बैठकीची नोंद मी अशीच सुरू करते. घरात यावरून माझी चेष्टा होते. पण याद्यांचा दिवस माझाच होता. लग्न ठरल्यावर दोन्ही घरचे समोरासमोर बसतात, कोण काय करणार ते कागदावर उतरवतात, कागदाला हळदकुंकू लागतं आणि मग ते सर्वांसमोर वाचलं जातं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कागद स्वतः आखून ठेवले होते. लॅपटॉपला कुंकू कुठे लावायचं, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

लग्न मेच्या पहिल्या शनिवारी, मुलीच्या आजोळी, पॅसिफिकमधल्या एका छोट्या बेटावर. मुलीच्या आजीला आता विमानात बसवत नाही, म्हणून आपण तिकडे जायचं, हे मुलानेच ठरवलं होतं. सकाळी त्यांच्या चर्चमध्ये, दुपारी आमची सप्तपदी. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे नर्स इतक्या थोड्या आहेत, की नाव लिहिलं तर मावशी कोण हे तिथल्या कोंबड्यांनाही कळेल. मावशी नर्स आहे. मी तिला पहिल्या दिवसापासून सिस्टर म्हणते, आणि ती मला यादीवाली विहीण म्हणते.

आमची यादी दीड पान झाली. मुलीच्या वडिलांची यादी एका ओळीची होती. त्यांनी ती उभं राहून वाचली. येणाऱ्या प्रत्येकाने गोवराच्या लसीचे दोन डोस घेतल्याचा लेखी पुरावा आधी पाठवावा. पुरावा नसेल, तर त्या माणसाने येऊ नये.

ताई, म्हणजे नणंदबाई, मराठीत पुटपुटल्या, "आम्ही काय रोगराई घेऊन चाललोय का?"

"नाही, आत्या," मुलगी मराठीतच म्हणाली. तिला किती समजतं हे ताईंना तेव्हा कळलं. त्या एकदम पोह्यांच्या बशीकडे बघायला लागल्या.

पडद्यावरून सिस्टर बोलायला लागली. काही वर्षांपूर्वी शेजारच्या देशात गोवर पसरला तेव्हा ती तिकडे मदतीला गेली होती. तो गोवर न्यूझीलंडहूनच गेला होता. ज्या घरांत लस घ्यायची राहिली होती, त्या घरांना बाहेर लाल कापड लावायला सांगितलं होतं. ती गाडीतून उतरायची, लाल कापड शोधायची, टोचायची, पुढच्या घरी जायची. "काही घरांत आम्हाला उशीर झाला होता," एवढंच ती म्हणाली. मग कुणीतरी तिच्या मांडीवर एक बाळ आणून ठेवलं. तिची नात, पाच महिन्यांची. "हिला लस द्यायला अजून वेळ आहे. लग्नात ही सगळ्यांच्या मांडीवर फिरणार. आमच्याकडे बाळ कुणाकडे आहे ते कुणी बघत नाही, कुणाकडे तरी आहे एवढंच बघतात. आणि आमच्याकडे विमान आठवड्यातून एकदा."

"रास्त आहे," आई म्हणाल्या. "लिही गं. पहिल्या नंबरवर लिही."

लिहिलं. मग वेळेचा हिशेब. दोन डोसांमध्ये चार आठवडे, आणि दुसऱ्या डोसानंतर प्रवासापर्यंत चौदा दिवस, अशी सिस्टरची अट. विमान लग्नाच्या आदल्या गुरुवारी. उलटं मोजत आले, तर पहिल्या डोसासाठी हातात पाच दिवस उरत होते. वऱ्हाड सोळा जणांचं. चौघं पुण्याहून येणार, बाकी इथलेच, ऑकलंड ते क्राइस्टचर्च पसरलेले.

पाहुणे जायच्या आत मी व्हॉट्सॲपवर 'वऱ्हाड' नावाचा गट उघडला आणि पहिला निरोप टाकला: "गोवराच्या लसीचा पुरावा आज संध्याकाळपर्यंत पाठवा. कारणं नकोत."

मुलाने फोनवर दोनदा बोट फिरवलं आणि त्याचे दोन्ही डोस समोर धरले. "इट्स ऑल ऑनलाइन, आई. टू मिनिट्स." तो इथे जन्मला, त्याचं सगळं रजिस्टरमध्ये आहे. आमचं काय? माझा जन्म पुण्यातला, पंचाहत्तरचा. माझं लसीचं कार्ड कधी होतं का, हेच सांगायला आता कुणी नाही.

पण पुरावा माझ्याकडे होता. मी बाही वर केली. डाव्या दंडावर दोन वण आहेत, एक वाटोळा, एक जरा पसरट. त्यांचा फोटो काढला, गटावर टाकला आणि खाली लिहिलं, "असा."

मग काय विचारता. तासाभरात गटावर दंडच दंड. पुण्याचे मोठे दीर बनियनमध्ये उभे. जाऊबाईंनी ब्लाउजची बाही एका बोटाने वर धरलेली, शेजारी गॅसवर कुकर. क्राइस्टचर्चच्या हॉर्नबीचा भाचा, नवऱ्याच्या चुलतबहिणीचा मुलगा, आणि त्याची बायको दंडाला दंड लावून, खाली "सेम टू सेम". मी सगळे फोटो उतरवून घेतले, प्रत्येकाला नाव आणि क्रमांक दिला, यादीत बरोबरच्या खुणा केल्या, पहिली माझ्या नावापुढे, आणि रविवारी सकाळी सगळं एका फोल्डरमध्ये घालून सिस्टरला पाठवलं. इतकं टापटीप काम मी कारखान्यातही क्वचित केलं असेल.

दहा मिनिटांत तिचा फोन आला.

"विहीणबाई, एक विचारू? तुम्ही मला अकरा दंड का पाठवलेत?"

"पुरावा," मी म्हणाले.

ती हसायला लागली, आणि तिच्यामागे आणखी कुणीकुणी हसत होतं. हसून झाल्यावर तिने समजावलं. तो वाटोळा वण क्षयाच्या लसीचा. तो पसरट वण देवीच्या लसीचा, आणि तो रोग आता जगात कुठेच उरलेला नाही. गोवराची लस वण ठेवत नाही. "तुमच्या अकरा दंडांवरून मला एवढंच कळलं," ती म्हणाली, "की तुमच्या वेळच्या नर्सनी त्यांचं काम चोख केलं होतं. आता माझं करू द्या."

आमच्या पिढीत हा समज सगळ्यांचा आहे. दंडावर वण म्हणजे 'लस झाली'. कुठली, ते कुणी विचारत नाही. मी वेळापत्रक लावणारी बाई, कागदाशिवाय एक खोकं हलू न देणारी, मीसुद्धा विचारलं नव्हतं. लाज वाटली, पण लाजायला वेळ नव्हता. यादीतल्या बरोबरच्या खुणा मी एकेक करून पुसल्या. सोळापैकी दोनच उरल्या. एक मुलाची. दुसरी आईंची, कारण इथे एकोणीसशे एकोणसत्तरच्या आधी जन्मलेल्यांना गोवर येऊन गेल्याचं धरतात, आणि सिस्टरनेही ते मान्य केलं होतं.

सोमवारी दुपारी नवऱ्याला ऑफिसातून उचललं आणि आमच्या नेहमीच्या फार्मसीत गेलो. इथे फार्मसिस्टच टोचतो, आणि नोंद नसलेल्या मोठ्या माणसांनाही ही लस फुकट. तो तरुण होता, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला.

"किआ ओरा. आधी कधी घेतली होती का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. दंडावरचे वण दाखवण्यापेक्षा हे खरं होतं.

"स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे हरकत नाही. "माहीत नसेल तर घ्यायची. आधी घेतलेली असली तरी काही बिघडत नाही."

नवऱ्याने सुई बघितली आणि मला विचारलं, "तू आधी?" मुंबईत याने बंदराच्या क्रेनवर चढून कामं केलीत. मी आधी घेतली. नंतर तिथेच खुर्च्यांवर वीस मिनिटं बसायचं होतं, तेवढ्यात मी पुण्याला फोन केला. दीर म्हणाले, या वयात बाळाची लस मागायला गेलो तर डॉक्टर काय म्हणतील? मी म्हणाले, डॉक्टर काहीही म्हणोत, कागद घेऊन या, त्यावर सही-शिक्का हवा. बुधवारी सकाळपर्यंत त्यांच्या चौघांचे कागद आले. हॉर्नबीचे दोघं कामावरून येताना टोचून आले. भाच्याला दुसऱ्या दिवशी दंड दुखायला लागला, तर त्याने गटावर पुन्हा दंडाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "मामी, आता खरा पुरावा."

बुधवारी सोळापैकी पंधरा ओळी भरल्या होत्या. रिकामी ओळ ताईंची.

ताईंनी दंडाचा फोटोही पाठवला नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी निरोप टाकला होता: "मला गोवर येऊन गेलाय. लिहून घे." त्यांचा जन्म एकाहत्तरचा, त्या एकोणसत्तरच्या रेषेच्या दोनच वर्षं अलीकडे. मी आईंना विचारलं.

"गोवर? तिला?" आई आठवत राहिल्या. "तिला कांजिण्या होत्या गं. फोड आले होते, पाण्याचे. गोवर धाकट्याला."

मी ताईंना ते कळवलं. उत्तर: "आईला आता आठवत नाही नीट." आईंना अजून आमच्या लग्नातल्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसलं होतं ते आठवतं.

ताईंना वगळणं हा विषयच नव्हता. मुलगा तीन महिन्यांचा असताना मी शिफ्टच्या नोकरीवर रुजू झाले. तेव्हा आम्ही मनुरेवालाच राहत होतो. चार वर्षं ताईंनी त्याला सांभाळला. तो चालायला लागला तो त्यांच्या स्वयंपाकघरात, आणि त्याला मराठी येतं तेवढं त्यांचं. लग्नात आत्याचा मान असतोच, पण इथे मानाचा प्रश्न नव्हता. त्याच्या लग्नाला त्या नसतील, हे आमच्यापैकी कुणीच मनात आणलं नव्हतं.

त्याच बुधवारी मला ऑकलंडच्या गोदामात काम निघालं. निघालं म्हणजे मी काढलं. सकाळच्या विमानाने गेले, गोदामात तासभर हजेरी लावली आणि साडेदहाला त्यांच्या दारात उभी. त्यांच्या घराजवळच्या फार्मसीत अकराची वेळ घेऊन ठेवली होती.

"मला न विचारता?" ताई म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मग?"

"म्हणून नाही विचारलं. चला, अकराला पोचायचंय. येताना डेअरीतून दूध घेऊन येऊ."

माझी बॅग खांद्यालाच होती. त्या आत वळल्या, ओट्यावरच्या कपाटात पोह्यांच्या डब्यामागे हात घातला आणि एक चपटी डबी काढून टेबलावर ठेवली. आठवड्याचे वार लिहिलेली गोळ्यांची डबी. शेजारी दवाखान्याचं पत्र.

सांध्यांचा आजार. दोन वर्षं झाली होती. त्यावरच्या औषधाने शरीराची रोगाशी लढायची ताकद मुद्दाम कमी ठेवतात. गोवराची लस जिवंत विषाणूची असते, कमजोर केलेल्या, पण जिवंत. हे औषध चालू असताना ती देत नाहीत. डॉक्टरांनी त्यांना हे आधीच सांगितलेलं होतं.

"मला खरंच गोवर येऊन गेलाय का ते मलाही माहीत नाही," ताई म्हणाल्या. "येऊन गेला असेल, असं धरून चालले होते."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं तर तू यादी करणार. तुझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो आईला सांगणार. आईला कळलं तर ती बॅग भरून इथे येईल. ऐंशीव्या वर्षी माझ्या भाकऱ्या थापायला. बोटं दाखवू?" त्यांनी दाखवली. शनिवारी याद्यांच्या वेळी त्यांनी कपाला हात लावला नव्हता. मला वाटलं होतं, रागावल्यात.

मी अकराची वेळ रद्द केली आणि त्यांच्याच टेबलावरून सिस्टरला फोन लावला. सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"लस नको," ती म्हणाली. "रक्त तपासा. आधी गोवर होऊन गेला असेल तर रक्तात दिसेल. दिसलं आणि त्यांच्या डॉक्टरांनी होकार दिला, तर त्यांनी यावं, मी स्वतः विमानतळावर येईन. नाही दिसलं, तर नाही." मग ती म्हणाली, "त्यांना सांगा, त्यांचं नाव माझ्या नातीच्या ओळीत आहे. आपण बाकीचे टोचून घेतो ते या दोघींसाठी."

मी हे मराठीत सांगितलं. ताई म्हणाल्या, "पाच महिन्यांच्या पोरीच्या वर्गात बसवलं मला." पण त्याच दिवशी दुपारी त्या रक्त देऊन आल्या. मी सोबत होते. दूध घ्यायचं राहून गेलं.

तपासणीचं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. संरक्षण नाही. कांजिण्याच होत्या.

नवऱ्याला ताईंच्या परवानगीने मी सगळं सांगितलं. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर वारा सुटला होता आणि शेजाऱ्यांच्या झाडाची फेहोआ फळं आमच्या अंगणात टपाटप पडत होती.

"एक ओळ आहे," तो म्हणाला. "गोवर होऊन गेला, असं लिहून टाक. आईने तसं सांगितलं म्हण. कोण तपासणार आहे? आणि बाकी पंधरा जणांनी घेतलीच आहे ना?"

"बाकी पंधरांची लस ताईंना विमानात बसेपर्यंत कशी वाचवणार? ऑकलंडमध्ये आत्ता गोवराचे रुग्ण निघालेत. त्या सुपरमार्केटमध्ये जातात, बसने जातात. माणूस खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत तो हवेत असतो. ताईंना झाला तर ताईंचं काय होईल? आणि तिथे पोचल्यावर त्या बाळाला मांडीवर घेणार नाहीत, असं तू म्हणतोस?"

"घेणारच," तो म्हणाला. "पहिली तीच घेईल."

"मग?"

मी पेन उचलून बंद केलं. खरं सांगायचं तर ती ओळ लिहायचा विचार त्याच्या आधी माझ्या मनात येऊन गेला होता. दोन शब्द, आणि यादी पूर्ण. माझ्या हाताला पूर्ण यादीची सवय आहे.

ताईंनी स्वतःही एक प्रयत्न केला. औषध काही दिवस थांबवता येईल का, हे त्यांनी त्यांच्या तज्ज्ञांना विचारलं. त्यांची भेट एप्रिलच्या मध्याला मिळाली. तोवर आमच्या दुसऱ्या डोसांचा दिवस उजाडला. फार्मसीतला तो तरुण म्हणाला, "यू गाइज आर हीप्स ऑर्गनाइज्ड." यावेळी नवऱ्याने न सांगता बाही वर केली. पुण्याचे चौघं, हॉर्नबीचे दोघं, बाकी सगळे, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून झाले. कागद आले तसतसे मी सिस्टरला पाठवले, यावेळी फक्त कागद. तिने प्रत्येकावर एकच शब्द उत्तर दिलं: "मिळाला."

तज्ज्ञांनी नाही सांगितलं. औषध थांबवलं तरी लस घेण्याआधी काही महिने जावे लागतात, आणि थांबवायची त्यांची तयारी नव्हती. मागच्या शुक्रवारी ताईंचा फोन आला.

"मी येत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला मीच सांगितलंय. तो म्हणाला, आत्या, वी विल वेट, पुढच्या वर्षी करू. मी म्हटलं, गप बस. ती आजी तिकडे वाट बघतेय. मुंडावळ्या मी करून ठेवल्यात, कुरिअर करते. सप्तपदीच्या वेळी फोन कुणाच्या हातात देणार ते ठरव, आणि ज्याचा हात हलत नाही अशा माणसाला दे."

"ठरवते."

"आणि परत आल्यावर दोघं आधी इकडे येतील. जेवायला. नऊवारी मी नेसवीन तिला, बोटं चालली तर. नाहीतर तू."

"मी."

मग त्या म्हणाल्या, "आईला मात्र तू सांग. मला नाही जमणार. आणि खरं सांग. गोळ्यांचंही सांग. मी येत नाही याला दुसरं कुठलं कारण तिला पटेल?"

"ताई, त्या बॅग भरतील."

"ते मला माहीत आहे. तू लग्न झाल्यावर भरायला लाव. त्याआधी नको. नातवाच्या लग्नाला आजी हवी."

शुक्रवारी सांगणार होते. शनिवारी आईंची एकादशी होती. काल क्राइस्टचर्चहून भाचा-सूनबाई आले, घर भरलेलं होतं. ही सबब आहे, हे मला कळतं. दुसऱ्या कुणी अशी सबब दिली असती, तर मी ऐकून घेतली नसती.

आज सोमवार. विमानाला दहा दिवस. सोळाची यादी पंधराची करून सिस्टरला पाठवली, पंधराही ओळी भरलेल्या. तिचं उत्तर आलं: "या. बाळ तयार आहे." विमान कंपनीला कळवलं. सप्तपदीच्या वेळी फोन धरायला मुलीच्या वडिलांना सांगितलं. ते पेशाने जमीन मोजणारे सर्व्हेयर, त्यांचा हात हलत नाही.

आई आतल्या खोलीत साड्या लावतायत. दोन गठ्ठे केलेत, एक स्वतःचा, एक ताईंचा, कारण तिला बॅग भरता येत नाही असं त्यांचं म्हणणं. मघाशी त्यांनी हाक मारली, विमानात ताई खिडकीशी बसणार की मी? मी म्हणाले, बघून सांगते. मग स्वयंपाकघरात येऊन चहाचं आधण ठेवलं, दोन कप काढले.

आईंना अजून सांगायचं आहे.